खापर फुटलं अपडेटच्या डोक्यावर

“ताई, तुम्ही अपडेट दाबलंत, म्हणून साइट गेली.”

हे वाक्य मला फोनवर ऐकवलं गेलं, व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून आलं, आणि ऐन हंगामात स्पीकरवर टाकलेल्या फोनमधून सासऱ्यांसमोरही बोललं गेलं. मग घरातलेही म्हणायला लागले, “कशाला हात लावायला गेलीस?” म्हणून सगळ्यात आधी हेच सांगते. अपडेटनं आमची साइट गेली नाही. ती आदल्या दिवशीच मोडलेली होती, आणि मोडली होती ती हे वाक्य बोलणाऱ्या माणसाच्या हातून. त्याचा पुरावा माझ्याकडे आहे. तो कसा मिळाला ते सविस्तर लिहिते आहे, कारण होमस्टे असो, पतसंस्था असो, शाळा असो की रोपवाटिका, आपल्याकडच्या लहान साइट अशाच एखाद्या ‘वेबसाइटवाल्या’च्या भरवशावर चालतात, आणि काही बिघडलं की त्याचं पहिलं उत्तर हेच असतं.

आमचं घर शेंडीला. भंडारदऱ्याला येऊन गेलेल्याला शेंडी सांगावी लागत नाही. चार खोल्या आहेत, जेवण घरचं. पावसाळ्यात धबधबे बघणारे येतात, थंडीत कळसूबाई आणि सांदण दरीचे ट्रेकवाले येतात, पण वर्षाची खरी कमाई मे अखेर ते जूनचा पहिला पंधरवडा, काजव्यांची. वळीव पडून गेला की हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ या झाडांवर काजवे दिसायला लागतात, आणि मुंबईकर घोटीकडून, पुणेकर अकोले-राजूरकडून येऊन थडकतात. शनिवार-रविवारच्या खोल्या कितीतरी आधी जातात. इथे मोबाइलला रेंज कधी असते, कधी नसते. पाहुण्यांना घेऊन रतनवाडीला गेलेल्या नवऱ्याचा फोन तर लागतच नाही. म्हणून साइटवरच बुकिंग व्हावं, आगाऊ रक्कम तिथेच भरली जावी आणि मला मेल यावी, अशी सोय करून घेतली होती. साइट वर्डप्रेसवर. बुकिंगचं प्लगइन वेगळं, पेमेंटचं वेगळं, साइट पटकन उघडावी म्हणून कॅशेचं आणखी एक.

आता नावाचं. आमच्या अहमदनगर जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर करायचा निर्णय राज्य मंत्रिमंडळानं मार्च 2024 मध्ये घेतला आणि ऑक्टोबरमध्ये केंद्राची मान्यता आली. अहिल्यादेवी आमच्याच जिल्ह्याच्या, जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या. जन्म 31 मे 1725. म्हणजे 31 मे 2025 ला तीनशे वर्षं होणार होती, आणि त्याच्या आत आमच्या साइटवर सगळीकडे नवं नाव लागावं अशी माझी इच्छा होती. पत्ता तळाला, पत्ता ‘संपर्क’मध्ये, पत्ता बुकिंगच्या मेलमध्ये, शिवाय ‘अहमदनगर जिल्ह्यातील निसर्गरम्य’ असं किती पानांवर होतं देव जाणे. वेबसाइटवाल्याला सांगितलं. तो म्हणाला, “पाच मिनिटांचं काम आहे ताई.” संध्याकाळी मेसेज आला, “झालं. कॅशेमुळे जुनं दिसेल, उद्यापर्यंत बदलेल.”

हा मेसेज मी जपून ठेवला आहे. तो पुढे उपयोगी पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहापाणी उरकून डॅशबोर्ड उघडला. प्लगइनसमोर अपडेटचे लाल आकडे होते. अपडेट करायचं काम माझंच होतं, तेही त्याच्याच सांगण्यावरून. वर्षाच्या देखभालीचे पैसे घेताना त्यानं लिहून पाठवलं होतं: महिन्यातून एकदा अपडेट तुम्ही करत जा, अडलं तर फोन करा. मी ते वर्षभर नेमानं करत आले होते आणि कधी काही बिघडलं नव्हतं. त्या दिवशी बुकिंगचं प्लगइन आणि आणखी दोन-तीन अपडेट केली. डॅशबोर्डवर कुठेही चूक दाखवली नाही, सगळं हिरवं. मग साइट उघडली, तर वरचा मेनू नाही, लोगो नाही, रंग भलतेच, तळाचा पत्ता गायब. अमृतेश्वर मंदिराचा आणि विल्सन धरणाचा फोटो होता, तिथे पांढरे चौकोन.

फोन केला. पलीकडून ते वाक्य.

त्यानंतर काय काय ऐकलं ते सांगते, कारण माझ्यासारख्या दुसऱ्या कुणाला हीच उत्तरं मिळाली तर ती ओळखता यावीत. पहिल्यांदा, “प्लगइन थीमशी जुळत नाही.” मग, “प्लगइनवाल्या कंपनीनंच घोळ घातलाय, त्यांना तिकीट टाकावं लागेल.” संध्याकाळी त्यानं प्लगइनची जुनी आवृत्ती परत टाकली. साइट तशीच. तेव्हा म्हणाला, “अपडेटनं आतला डेटा करप्ट केलाय, आता जुनी आवृत्ती टाकूनही उपयोग नाही.” मी विचारलं, “करप्ट म्हणजे नेमकं काय झालं?” तर म्हणाला, “ताई, ते टेक्निकल आहे.” आणि शेवटी, “साइट जुनी झालीये, नवीन करून घ्या, तुमच्यासाठी कमीत बसवतो.” हंगाम तोंडावर, आणि हा माणूस मला नवी साइट विकत होता. तेव्हा संताप झाला आणि आजही तो पूर्ण गेलेला नाही.

खरा दणका शनिवारी बसला. संध्याकाळी ठाण्याचं एक कुटुंब दारात गाडी लावून उभं. आजी, दोन लहान मुलं, सोबत सामान. हातात मोबाइल, मोबाइलमध्ये आमच्या साइटची ‘आपले बुकिंग निश्चित झाले आहे’ अशी मेल. मला त्यांची कसलीही मेल आलेली नव्हती, आगाऊ रक्कम जमा नव्हती, आणि ती खोली मी फोनवर पुण्याच्या लोकांना देऊन बसले होते. ते बिचारे वारंवार म्हणत होते, “पैसे मागितलेच नाहीत हो साइटनं, आम्हाला वाटलं इथेच द्यायचे असतील.” खरं बोलत होते. शेजारच्या काकांनी त्यांची माडी उघडून दिली म्हणून त्या आजींना रात्रीसाठी छप्पर मिळालं. घरच्यांसमोर आणि पाहुण्यांसमोर माझी जी शोभा झाली, ती भरून यायची नाही.

याच रात्री मी ठरवलं की ‘टेक्निकल आहे’ हे उत्तर आता चालणार नाही. भाचा पुण्यात संगणकाचंच शिकतो, सुट्टीला संगमनेरला आला होता. त्याला बोलावून घेतलं. होस्टिंगचा पासवर्ड मिळवतानाच निम्मी लढाई झाली. “सिक्युरिटीमुळे देता येत नाही” असं कारण. पैसे मी भरते, नाव माझ्या घराचं, आणि किल्ली त्याच्या खिशात. सासऱ्यांनी स्वतः फोन घेऊन आवाज चढवला, तेव्हा कुठे मिळाला.

भाच्यानं पहिला प्रश्न विचारला तो असा: “मामी, अपडेटच्या आधी दोन दिवसांत साइटला आणखी कुणी कुणी हात लावला होता?” इतके दिवस हा प्रश्न कुणीही विचारला नव्हता. मी सांगितलं, नाव बदललं होतं. तो म्हणाला, “कसं बदललं?” मला काय माहीत. त्यानं डेटाबेस उघडला आणि जिथे थीमची सगळी मांडणी साठवलेली असते ती नोंद शोधली. नोंद जागेवर होती. लोगो, मेनू, रंग, पत्ता, सगळं तिच्यात लिहिलेलं दिसत होतं. पत्त्यात ‘जि. अहिल्यानगर’ हेही छान दिसत होतं. मी म्हटलं, “सगळं तर आहे की! मग साइटला दिसत का नाही?” तो काही न बोलता स्क्रीनवर बोट ठेवून काहीतरी मोजत बसला. मग म्हणाला, “मामी, हे अपडेटचं काम नाही.”

आता जे सांगते ते नीट वाचा. आमच्या जिल्ह्यात नाव बदलण्याच्या धांदलीत हे आणखी कुणाकुणाचं झालं असण्याची शक्यता आहे.

वर्डप्रेस पुष्कळशा सेटिंग्ज एकाच लांब नोंदीत बांधून ठेवतं. त्या नोंदीत प्रत्येक मजकुराच्या आधी तो मजकूर किती लांब आहे त्याचा आकडा लिहिलेला असतो. हा आकडा अक्षरांचा नसतो, बाइटचा असतो, आणि देवनागरीतलं प्रत्येक अक्षर, मात्रा, वेलांटी, हलन्त साधारण तीन-तीन बाइट खातं. ‘अहमदनगर’ या शब्दाचे होतात 21 बाइट. ‘अहिल्यानगर’ लिहायला ह, त्याची वेलांटी, ल, त्याचा हलन्त, य, काना असं सगळं मिळून 10 चिन्हं लागतात, म्हणजे 30 बाइट. रोमन लिपीत लिहिलं तरी 10 चे 11 होतात. म्हणजे नाव बदलताना प्रत्येक ठिकाणी मजकूर लांबला, पण आधी लिहिलेला आकडा तसाच राहिला. साखर कारखान्याच्या काट्यावर पावतीत एक वजन आणि गाडीत भलतंच वजन निघालं तर सगळी गाडी बाजूला लावतात, तसं वर्डप्रेस ती अख्खी नोंद नाकारतं. फक्त पत्ता नाही, त्याच नोंदीत बांधलेला लोगो, मेनू, रंग हे सगळंच. आणि नाकारताना साइटवर चूक दाखवणारा एकही संदेश येत नाही. नोंद नाहीच असं समजून ते पुढे जातं.

आमच्या माणसानं काय केलं होतं? डेटाबेसमध्ये सरळ एका हुकुमानं जुना शब्द काढून नवा घातला होता, सगळीकडे एकदम. पाच मिनिटांचं काम खरंच पाच मिनिटांत केलं होतं. फोटो गेले तेही त्याच हुकुमामुळे. फोटोंच्या फाइलच्या नावांत रोमन लिपीत जुनं जिल्ह्याचं नाव होतं; डेटाबेसमध्ये ते बदललं, पण सर्व्हरवरच्या फाइलचं नाव कोण बदलणार? पान नव्या नावाची फाइल मागत होतं आणि ती कुठेच नव्हती. हे पांढरे चौकोन बघूनच जाणत्या माणसाला अंदाज यायला हवा होता. बुकिंगचं प्लगइन कशाला फोटोंची नावं बदलेल?

मग अपडेट करेपर्यंत साइट बरी कशी दिसत होती? कॅशेमुळे. आधी तयार करून ठेवलेली जुनी पानं लोकांना दिसत होती. मी प्लगइन अपडेट केलं तशी कॅशे रिकामी झाली, नवी पानं तयार व्हायला लागली आणि आतली मोडतोड बाहेर आली. म्हणजे ‘कॅशेमुळे जुनं दिसेल’ हा त्याचा मेसेज अक्षरशः खरा होता. त्यानं फक्त लॉग-इन करून एकदा पहिलं पान उघडायला हवं होतं. लॉग-इन केलेल्याला सहसा कॅशे लागत नाही. तिथल्या तिथे त्याला सगळं दिसलं असतं.

बुकिंगच्या प्लगइनचं प्रकरण आणखी वाईट. त्याच्या सेटिंग्जच्या नोंदीत पाहुण्यांना जाणाऱ्या मेलचा मजकूर होता, मजकुरात आमचा पत्ता, पत्त्यात जिल्हा. ती नोंदही वाचता येईनाशी झाली. अपडेट झाल्यावर प्लगइननं आपल्या जुन्या सेटिंग्ज शोधल्या, त्याला काहीच मिळालं नाही, तेव्हा नव्यानं बसवल्यासारखं समजून त्यानं कोऱ्या सेटिंग्ज लिहून टाकल्या. कोऱ्या सेटिंग्जमध्ये आगाऊ रक्कम नाही, बुकिंग आपोआप निश्चित, आणि नव्या बुकिंगची सूचना साइटच्या मुख्य मेलवर. ती मुख्य मेल कुणाची? त्याची! साइट बांधताना त्यानं स्वतःचा पत्ता घातला होता तो तसाच. म्हणजे ठाण्याच्या कुटुंबाच्या बुकिंगची मेल त्याच्या इनबॉक्समध्ये येऊन पडली होती. मी त्याला सकाळ-संध्याकाळ फोन करत होते, आणि आमच्या पाहुण्यांच्या मेल त्याच्याकडे न उघडता पडून होत्या. हे समजलं तेव्हा मला रडू आवरलं नाही.

अंदाज वेगळा आणि पुरावा वेगळा, हे भाच्याचं म्हणणं. होस्टिंगवर रोज रात्री बॅकअप होत होता, ही एवढी एक गोष्ट आमच्या नशिबानं नीट होती. नाव बदललं संध्याकाळी, अपडेट केलं दुसऱ्या दिवशी सकाळी, म्हणजे मधल्या रात्रीचा बॅकअप हा त्या दोन्हींच्या बरोबर मध्ये. त्यानं तो बॅकअप त्याच होस्टिंगवर वेगळ्या कोपऱ्यात उघडला, चालू साइटला धक्का न लावता, आणि कॅशे बंद केली. साइट मोडलेलीच होती. अपडेट झालेलंच नव्हतं आणि साइट मोडलेली होती! मग त्याच्या आदल्या रात्रीचा, जुन्या नावाचा बॅकअप उघडला आणि त्याच्यावर तीच सगळी अपडेट केली. काही बिघडलं नाही. मेनू, लोगो, आगाऊ रक्कम, सगळं जागेवर. दोन्हींचे स्क्रीनशॉट तारीख-वेळेसह काढून ठेवले.

अख्खी साइट जुन्या बॅकअपवर नेली नाही, कारण मधल्या दिवसांत आलेली बुकिंगं पुसली गेली असती. आणि मला ती सगळी पाहुणे मंडळी शोधून फोन करायची होती. त्यानं फक्त मोडलेल्या नोंदी जुन्या बॅकअपमधून उचलून आणल्या, आणि मग नाव परत बदललं, या वेळी योग्य साधनानं. यासाठी ‘बेटर सर्च रिप्लेस’ नावाचं प्लगइन आहे, आणि काळ्या पडद्यावर काम करणाऱ्यांसाठी ‘डब्ल्यूपी-सीएलआय’ मध्ये तशी आज्ञा आहे. दोन्ही आधी बांधलेली नोंद सोडतात, शब्द बदलतात, नवा आकडा घालून परत बांधतात. दोन्हींत आधी रंगीत तालीम घेता येते: काही न बदलता किती ठिकाणी बदल होईल ते नुसतं दाखवतात. आमच्या वेबसाइटवाल्याला हे माहीत नसेल असं मी मानत नाही. धंदाच त्याचा आहे.

आता तुमच्यासाठी.

तुमच्या साइटवर जिल्ह्याचं नाव बदलायचं राहिलं असेल तर काम देणाऱ्याला सरळ विचारा, “सिरियलाइज्ड डेटा सांभाळणार का?” आकड्यासकट बांधलेल्या त्या नोंदींचंच हे नाव. त्याला प्रश्न कळला नाही तर काम देऊ नका. फाइलची नावं आणि पानांचे पत्ते यांना हात लावू देऊ नका. पत्ता बदललाच तर जुन्यावरून नव्यावर वळवण्याची सोय करून घ्या, नाहीतर गूगलवरून येणारा माणूस रिकाम्या पानावर उतरेल. आणि नाव बदलण्याचं काम आणि अपडेट यांत किमान दोन रात्री जाऊ द्या. एका वेळी एकच बदल. मधल्या रात्रीचा बॅकअप आमच्याकडे योगायोगानं होता, तो नसता तर आजही मीच दोषी ठरले असते.

अपडेटनंतर काही बिघडलं तर कशात काय बघायचं, तेही सांगते. पडद्यावर ‘थोड्या वेळासाठी उपलब्ध नाही’ अशा अर्थाची एक ओळ इंग्रजीत दिसत असेल तर अपडेट अर्धवट राहिलं आहे; वर्डप्रेस त्या काळापुरती ‘डॉट मेंटेनन्स’ नावाची फाइल मुख्य फोल्डरमध्ये ठेवतं, ती राहिली असेल तर काढा. आमच्यासारखी रेंज जात-येत असेल तर हे होतं, घाबरण्यासारखं नाही. साइट अजिबात उघडत नसेल तर सी-पॅनेलमध्ये जाऊन त्या प्लगइनच्या फोल्डरचं नाव बदला. ते आपोआप बंद होतं आणि डॅशबोर्ड परत मिळतो. 2019 मध्ये आलेल्या 5.2 आवृत्तीपासून अशा वेळी वर्डप्रेस स्वतःच मेल पाठवतं, कोणतं प्लगइन कोसळलं ते सांगतं आणि आत शिरायची खास लिंक देतं. पण ती मेल मुख्य मेलवर जाते. आमच्यात ती कुणाकडे गेली असती ते वर लिहिलंच आहे. त्यामुळे आज, आत्ता, सेटिंग्जमध्ये जाऊन मुख्य मेल तुमची आहे का ते बघा.

साइट उघडते पण विचित्र दिसते, असं असेल तर ‘हेल्थ चेक अँड ट्रबलशूटिंग’ हे प्लगइन वापरा. ते बाकीची सगळी प्लगइनं फक्त तुमच्यापुरती बंद करतं, पाहुण्यांना साइट चालूच दिसते. मग एकेक चालू करत जायचं. दोषी सापडतो, किंवा आमच्यासारखं झालं असेल तर कुणीच दोषी सापडत नाही, आणि तीही मोठी माहिती असते. त्रुटींचा लॉग चालू करून घ्या; डब्ल्यूपी-कॉन्फिग फाइलमध्ये दोन-तीन ओळी घालायच्या असतात. लॉगमध्ये कोणत्या फाइलच्या कितव्या ओळीत गडबड आहे ते लिहिलेलं असतं. ‘टेक्निकल आहे’ म्हणणाऱ्याला ती ओळ मागा.

जुनी आवृत्ती परत टाकून बघणं हीसुद्धा एक चाचणीच आहे. पण लक्षात ठेवा, ती फक्त फाइल परत आणते. डेटाबेस जसा झाला तसाच राहतो. 6.3 आवृत्तीपासून अपडेट फसलं तर वर्डप्रेस स्वतःहून जुनी आवृत्ती बसवतं, त्यातही हेच. म्हणून जुनी आवृत्ती टाकूनही दुखणं राहिलं, तर फाइलींवरून नजर काढून डेटाबेसकडे न्या, आणि त्या आधीच्या दोन दिवसांत काय काय घडलं त्याची यादी करा. आमच्या माणसानं जुनी आवृत्ती टाकली, दुखणं राहिलं, आणि तरीही तो अपडेटलाच शिव्या देत बसला. इथेच मला त्याचा हेतू कळायला हवा होता.

अपडेट कधीच दोषी नसतं असं मी म्हणत नाही. ऑगस्ट 2020 मध्ये वर्डप्रेस 5.5 आलं, त्यातून जेक्वेरी मायग्रेट नावाचा जुन्या कोडला सांभाळणारा भाग काढला गेला आणि जगभर कितीतरी साइटचे मेनू, स्लायडर बंद पडले. ते खरंच अपडेटमुळे होतं, आणि त्यावर उपाय म्हणून काही दिवसांत एक मदतीचं प्लगइनही आलं. पण त्याच्या पुढच्याच महिन्यात ‘फाइल मॅनेजर’ या प्लगइनमधलं भगदाड उघडं पडलं. ते 7 लाखांहून जास्त साइटवर होतं, आणि ज्यांनी अपडेट केलं नाही त्यांच्या साइटमध्ये चोर शिरले. त्यामुळे “अपडेटच करू नका” हा सल्ला कुणी देत असेल तर तो स्वतःचे फोन कमी व्हावेत म्हणून देतो आहे.

बाकीच्या गोष्टी तुम्ही इतरत्रही ऐकल्या असतील: पासवर्ड मजबूत ठेवा, फुकटात मिळालेली चोरीची प्लगइनं टाकू नका, नको असलेली काढून टाका. करा, चांगल्याच आहेत. एक मात्र अनुभवावरून जोडते. थीमसोबत ‘फुकट’ आलेल्या प्लगइनची लायसन्स की सहसा थीमवाल्याच्या किंवा बनवणाऱ्याच्या नावावर असते, आणि त्याच्याशी बिनसलं की अपडेटच मिळत नाही. मोठ्यांचीही यातून सुटका नाही. सप्टेंबर 2024 मध्ये वर्डप्रेसचे सहसंस्थापक मॅट मुलेनवेग आणि ‘डब्ल्यूपी इंजिन’ ही होस्टिंग कंपनी यांचं भांडण पेटलं, कंपनीच्या सर्व्हरना अपडेटचं दार बंद झालं आणि भांडणाशी काहीही संबंध नसलेल्या ग्राहकांचे हाल झाले. आमचं भांडण त्यापुढे चिमुकलं, पण हाल त्याच जातीचे.

डोमेन आणि होस्टिंग दोन्ही स्वतःच्या नावावर, स्वतःच्या मेलवर, स्वतःच्या कार्डानं घ्या. कुणी कितीही ओळखीचा असो. डोमेन दुसऱ्याच्या खात्यावर असेल तर हस्तांतराचा कोड मागून घ्या, आणि तो हंगाम नसताना मागा, कारण हंगामात तुम्ही अडलेले असता आणि हे समोरच्यालाही कळतं. ज्याला काम द्याल त्याला वेगळं लॉग-इन द्या. साइटला हात लावायच्या आधी आणि नंतर त्यानं एका ओळीचा मेसेज करायचा: काय केलं, किती वाजता. एवढं एक कलम करारात असतं तर आमचा उलगडा त्याच दिवशी झाला असता.

दोन्ही बॅकअपचे स्क्रीनशॉट आणि त्याचाच ‘झालं’चा मेसेज मी त्याला पाठवला. निळ्या खुणा झाल्या. उत्तर नाही. पंधरवड्यानं देखभालीचं नवं बिल आलं, त्यात ‘क्लायंटने केलेल्या अपडेटनंतरची दुरुस्ती’ अशी एक वेगळी ओळ आणि तिच्यासमोर रक्कम. दुरुस्ती भाच्यानं केली होती. त्या ओळीवर काट मारून, बाजूला 21 आणि 30 हे आकडे लिहून मी ते बिल परत पाठवलं आहे. त्यावर अजून काही आलेलं नाही, आणि ती रक्कम मी देणार नाही.